नगरची मावशी

बंगळूर
१५ डिसेंबर १९९१

प्रिय बाबा आणि आई,
प्रभूच्या नावात सलाम.

रेडिओवर तुम्ही ऐकलंच असेल, म्हणून घाईनं लिहिते आहे. आम्ही सुखरूप आहोत. कावेरीच्या पाण्यावरून इथं दंगल झाली. तमिळ लोकांची घरं, दुकानं जाळली. आता संचारबंदी आहे, मधूनमधून दूध आणण्यापुरती सोडतात. सुमंत कंपनीच्या कामाला हुबळीला गेले होते, गाड्या बंद पडल्यानं ते तिथंच अडकलेत. घरात मी आणि नोमी.

तुम्ही काळजी करू नका. आमचे घरमालक नरसिंहराव वरच राहतात. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं, त्यांची मराठी ऐकून तुम्हाला हसू येईल. रोज जिन्यावरून विचारतात, "अम्मा, सगळं सरी ना? स्वल्प दिवस कळ काढा." आमचं वठार म्हणजे मधे अंगण आणि भोवती बैठ्या खोल्या, सगळे एकमेकांच्या नजरेत. त्यामुळं भीती नाही.

आज रविवार असून उपासनेला जाता आलं नाही. घरीच गीत म्हटलं, पण हळू आवाजात. नोमीला तुम्हाला दोन ओळी लिहायच्या आहेत.

तुमची,
करुणा

आजोबा सलाम. आमच्या घरी सेल्वी मावशी आणि तिचं बाळ आहे. पण ती नगरची मावशी आहे असं सांगायचं. मी सांगितलं. नोमी.


राहुरी
२३ डिसेंबर १९९१

चि. सौ. करुणा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. तुम्ही सुखरूप आहात हे वाचून तुझ्या आईनं पत्र डोळ्यांना लावलं. नाताळच्या तयारीत चर्चच्या मंडळीतला प्रत्येक जण मला तुझी खुशाली विचारतो आहे.

पण नोमीच्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ही सेल्वी कोण? नगरला आपली या नावाची कुणी नाही. आणि "असं सांगायचं" म्हणजे काय? सहा वर्षांच्या लेकराला काय सांगायला लावलंस?

करुणा, तू पाळकाच्या घरात वाढलीस. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर वय वाढवून लावा म्हणून हेडमास्तर आग्रह करत होते, तेव्हा मी नाही म्हणालो आणि तुझं एक वर्ष गेलं. तू रडलीस, तरी मी बदललो नाही. खोटं लहान नसतं. ते एकदा घरात आलं की आपली जागा करतं. काय झालं ते सविस्तर लिही. नाताळच्या उपासनेत मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन, पण कशासाठी करायची हे मला ठाऊक असायला हवं.

तुझे,
बाबा


बंगळूर
२ जानेवारी १९९२

प्रिय बाबा,
सलाम.

तुम्हाला सांगायचं नव्हतं. नोमीनं लिहिलेलं मी न वाचताच पाकीट चिकटवलं. आता सांगते.

सेल्वी माझी तमिळ शेजारीण, समोरच्या खोलीतली. तिचा नवरा मुरुगन गवंडीकाम करतो, तो त्या आठवड्यात होसूरच्या बाजूला कामावर होता. तिचं बाळ अजून रांगतही नाही. दंगलीच्या दिवशी दुपारी मोठ्या रस्त्याकडून आरडाओरडा ऐकू आला, मग धूर दिसला. सेल्वी बाळाला पदरात गुंडाळून माझ्या दारात आली. मी तिला आत घेतलं आणि तिच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. नोमीला सांगितलं, कुणी विचारलं तर ही नगरची मावशी.

ते आले तेव्हा ऊन चांगलंच होतं. वीसेक जण असतील, हातात सळया आणि सायकलच्या साखळ्या. पुढं त्रिविक्रम होता. हा आमचा कोपऱ्यावरचा किराणावाला, बाबा. याच्याकडून मी रोज पाव घेते. हा नोमीला बरणीतली पेपरमिंटची गोळी देतो. त्यानं सेल्वीच्या कुलपाकडं पाहिलं आणि मला विचारलं, "अक्का, ही कुठं गेली?"

मी म्हणाले, "सकाळीच गेली."

"आत कोण आहे?"

मी दारातच आडवी उभी राहिले. तेवढ्यात नोमी पुढं झाली आणि म्हणाली, "मावशी आहे. नगरची. तिला कांजिण्या आल्यात. तुम्हाला पण होतील."

कांजिण्यांचं मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनंच रचलं.

पोरं मागं सरली. त्रिविक्रम मात्र हलला नाही. म्हणाला, "तुम्ही किरिस्तांव, तुमची माणसं खोटं बोलत नाहीत म्हणतात. तुमचं पुस्तक आणा. त्यावर हात ठेवून सांगा, सेल्वी इथं नाही."

लग्नात तुम्ही दिलेलं शास्त्र मी आणलं. त्यावर हात ठेवला आणि सांगितलं. माझा आवाज जराही कापला नाही. नंतर मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

ते गेले. सेल्वी आत पलंगाखाली बाळाचं तोंड छातीशी धरून पडली होती. बाळ गुदमरेल की काय इतकं घट्ट. आठवडाभर ती आमच्याकडं राहिली. मग मुरुगन येऊन तिला सेलमला घेऊन गेला.

बाबा, अजूनही फाटक वाजलं की माझ्या हातातलं भांडं पडतं. आणि रोज सकाळी नोमी प्रार्थनेला हात जोडते तेव्हा मला तिच्याकडं पाहवत नाही. मी पाप केलं का? सरळ सांगा.

तुमची,
करुणा


राहुरी
११ जानेवारी १९९२

चि. सौ. करुणा हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवता दाखवता मी मधेच थांबलो. पुढचं तिनंच वाचलं.

तू सरळ उत्तर मागितलंस. पाळकांच्या शिबिरात एका तरुण पाळकानं आम्हाला सांगितलं होतं की नियम सगळे खाली आणि प्रीती वर. प्रसंग पाहावा, शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा मार्ग कोणता ते पाहावं आणि तो धरावा, मग आज्ञा मोडली तरी चालेल. मी तेव्हा उभा राहून त्याला विरोध केला होता. म्हणालो, माणसाला सोडून दिलं तर तो आपल्या प्रत्येक सोयीला प्रीती म्हणेल.

आज तेवढ्या ताठ्यानं बोलता येत नाही. शास्त्रातल्या यरीहोच्या त्या बाईनं इस्राएलाच्या हेरांना छपरावर लपवलं आणि शिपायांना चुकीची वाट दाखवली, आणि आपण तिला विश्वासू म्हणतो. तू खरं बोलली असतीस तर मी तुला काय लिहिलं असतं? काही लिहू शकलो असतो का? सेल्वी जिवंत आहे. मी देवाचे आभार मानले. आज एवढंच सांगू शकतो.

मात्र एक गोष्ट मनात अडकली आहे. तू लिहितेस, "ते गेले." सळया घेऊन आलेली माणसं नुसत्या शपथेनं परत जातात? यरीहोच्या बाईनं शिपायांना वाट दाखवली होती. तू त्यांना कुठं पाठवलंस?

तुझे,
बाबा


बंगळूर
२५ जानेवारी १९९२

प्रिय बाबा,
सलाम.

तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

त्रिविक्रमनं विचारलं होतं, "सकाळी गेली तर कशी गेली? रिक्षा तर बंद आहेत." मी फाटकाकडं पाहिलं. फाटकाबाहेर नेहमी आप्पाजींची हातगाडी उभी असते, ती त्या दिवशी नव्हती. मी म्हणाले, "आप्पाजींच्या हातगाडीवर सामान टाकून स्टेशनकडं गेली."

आप्पाजी चिकपेटेतून कापडाचे गठ्ठे वाहतात. नरसिंहरावांसारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. साठीचे असतील. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून ते उगाच फाटकाशी थांबायचे.

त्यांना त्या लोकांनी कॉटनपेटच्या वळणावर गाठलं. बाईला कुठं सोडलंस म्हणून विचारलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तसंच ते म्हणाले. हा तमिळांना लपवतो असं ठरवून त्यांनी गाडी पेटवली आणि त्यांचा पाय सळईनं मोडला. सरकारी दवाखान्यात आहेत. पाय पूर्वीसारखा होणार नाही, असं नरसिंहरावांनी येऊन सांगितलं. मी तेव्हा तांदूळ निवडत होते. तशीच निवडत राहिले.

बाबा, नववी आज्ञा मी तुमच्यासमोर किती वेळा पाठ म्हटली आहे. खोटं बोलू नको, एवढंच त्यात नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, असं आहे. मी एका शेजारणीला वाचवायला दुसऱ्या शेजाऱ्याचं नाव पुढं केलं.

आणि आता पुढचं. पोलीस चौकशी करतायत. आप्पाजींना विचारणाऱ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती आणि मारलं ते मागून, त्यांना कुणाचं तोंड दिसलं नाही. वठारातल्या सगळ्यांनी सांगितलं, आम्ही दारं लावून बसलो होतो. मी त्रिविक्रमला टोळीच्या पुढं पाहिलंय. त्याला आप्पाजींकडं मीच पाठवलं. इन्स्पेक्टर माझ्याकडंही आले. मी म्हणाले, मिस्टर घरी नाहीत, नंतर या.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले तर त्रिविक्रमनं पैसे घेतले नाहीत. अगदी हळू म्हणाला, "अक्का, कांजिण्यावाली मावशी सेलमला गेली म्हणे. जाऊ द्या. नोमी शाळेला एकटीच जाते ना? रस्ता ओलांडताना लक्ष द्यायला सांगा."

तेव्हापासून मी तिला शाळेत पाठवलेलं नाही. सुमंत परत आलेत. ते म्हणतात, गप्प राहू. मी दाराला आतून खुर्ची लावून झोपते. काय करू?

करुणा


राहुरी
१ फेब्रुवारी १९९२

करुणा,

पत्र मिळताच लिहितो आहे, पोस्ट निघायच्या आत टाकायचं आहे. ताबडतोब निघून या. सुमंतची नोकरी राहू दे, इथं कारखान्यात बघू. पोलिसांना सांग, मी काही पाहिलं नाही. घरात होते, दार बंद होतं. इतके सगळे तेच म्हणतायत, तू वेगळं म्हटल्यानं त्या म्हाताऱ्याचा पाय बरा होणार नाही. तुझ्यावर लेकराची जबाबदारी आहे. आईची पहिली प्रीती लेकरावर, देवाला हे कळतं. तो क्षमा करील. त्या माणसाला मी इथून काही मदत पाठवीन.

तुझ्या आईला मी हे पत्र दाखवलेलं नाही. तारीख कळव, दौंडला उतरवून घ्यायला येतो.

बाबा


बंगळूर
१४ फेब्रुवारी १९९२

प्रिय बाबा,
सलाम.

तुमचं पत्र मी उशाखाली ठेवून झोपत होते. तुम्ही, माझ्या बाबांनी, लिहून दिलं होतं की खोटं बोललीस तरी चालेल. माझ्यावरचा डोंगर उतरला. सुमंतनी तिकिटं काढली. मी बांधाबांध सुरू केली.

निघायच्या आधी एकदा आप्पाजींना भेटावं म्हणून दवाखान्यात गेले. काही सांगायचं ठरवलं नव्हतं. संत्री घेऊन गेले होते. ते म्हणाले, "ये अक्का. त्या दिवशी ती पोरं मला सेल्वीचं विचारत होती. माझ्या गाडीचं नाव त्यांना कुणी सांगितलं असेल गं?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. सहज विचारत होते.

मी म्हणाले, "मी."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी बसून राहिले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको त्याला पेज भरवत होती. आप्पाजी भिंतीकडंच बघत म्हणाले, "सेल्वीचं पोर जगलं?"

"जगलं."

"मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, सांग माझं नाव. पण तू विचारलं नाहीस."

मग म्हणाले, "आता जा."

बाबा, मी चालत घरी आले. त्या दिवशी दारात मी खोटं बोलले तेव्हा माझ्या पाठीमागं सेल्वी होती. आता पोलिसांना "पाहिलं नाही" म्हटलं तर पाठीमागं कोण असेल? नोमीचं नाव मी घेत होते, तुम्हीही घेतलंत. पण नोमीला तर मी राहुरीला पाठवू शकते. घाबरलेली मी आहे. माझ्या भीतीलाच मी प्रीती म्हणत होते. तुमच्या शिबिरात तुम्ही जे म्हणाला होतात, ते माझ्याच घरी घडत होतं.

म्हणून मी काल ठाण्यात जाऊन जबानी दिली. त्रिविक्रमचं नाव दिलं, मी घेतलेली खोटी शपथ सांगितली, आप्पाजींचं नाव मीच पुढं केलं तेही सांगितलं. सही झाल्यावर इन्स्पेक्टरनी मला पाणी दिलं. सुमंत बाहेर बाकावर बसले होते. परतताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

नोमीला घेऊन सुमंत परवा निघतायत. तिला तुमच्या शाळेत घाला. हे पत्रही त्यांच्याच हाती देते आहे. मी येत नाही.

तुमची,
करुणा


राहुरी
१ मार्च १९९२

चि. सौ. करुणा हिस,
आशीर्वाद.

नोमी सुखरूप आहे. पहिल्या दिवशी जेवली नाही, आता जेवते.

मी दोन आठवडे तुला लिहू शकलो नाही. मागचं पत्र मी लिहिलं याची लाज वाटते. ते पाळकानं लिहिलं नव्हतं, घाबरलेल्या बापानं लिहिलं होतं, पण सही तीच होती. तुझ्या आईला मी शेवटी ते सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हाला खरं बोलणं कधी इतकं महाग पडलंच नव्हतं."

अजून भीती वाटतेच. तुझं पत्र यायला एक दिवस उशीर झाला की मी पोस्टात जाऊन उभा राहतो. तरी परत ये असं आता लिहिणार नाही.

आप्पाजींना भेटत राहा. त्यांनी जा म्हटलं तरी.

तुझे,
बाबा


बंगळूर
९ सप्टेंबर १९९३

प्रिय बाबा आणि आई,
सलाम.

निकाल काल लागला. त्रिविक्रम सुटला.

मी एकटीच साक्षीदार होते हे तुम्हाला ठाऊक आहे. नरसिंहरावांनी गेल्या वर्षीच आम्हाला खोली सोडायला सांगितली, डोळ्याला डोळा न देता. "अम्मा, मला ह्याच गल्लीत मरायचंय," म्हणाले. वठारातलं दुसरं कुणी कोर्टात आलं नाही.

माझी साक्ष जुलैत झाली, ती तुम्हाला नीट लिहिली नव्हती, कारण लिहायला बसले की घाम फुटायचा. त्रिविक्रमच्या वकिलांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही तुमच्या बायबलवर हात ठेवून खोटं सांगितलंत, हे खरं?"

"खरं."

"आज तुम्ही देवाची शपथ घेऊन बोलताय. मग न्यायालयानं तुमची कुठली शपथ खरी मानायची?"

सगळे माझ्याकडं बघत होते. त्रिविक्रम हाताची घडी घालून उभा होता. मी म्हणाले, "साहेब, त्या दिवशी माझ्या घरात एक बाई आणि तिचं बाळ लपलेलं होतं. आज माझ्या घरात कुणी लपलेलं नाही."

वकील हसले. म्हणाले, आणखी काही विचारायचं नाही. निकालात लिहिलंय की एकमेव साक्षीदारानं धर्मग्रंथावर खोटी शपथ घेतल्याचं स्वतःच कबूल केलं आहे, त्यामुळं तिच्यावर विसंबता येत नाही. माझ्या खोट्यानं सेल्वी वाचली आणि त्याच खोट्यानं आप्पाजींचा न्याय गेला. ह्याचा हिशेब मला मांडता येत नाही. तुम्हाला आला तर लिहा, नाही आला तरी चालेल.

आप्पाजी दीड वर्ष माझ्याशी जेमतेम बोलत होते. मी डबा घेऊन जायची, ते डबा ठेवून घ्यायचे. काल ते कोर्टात आले होते, काठी टेकत. निकाल वाचून झाल्यावर लोक बाहेर पडले. पायऱ्यांखाली त्रिविक्रमची माणसं हार घेऊन उभी होती. त्यातल्या दोघांनी माझ्याकडं बोट दाखवलं. सुमंत रिक्षा बघायला गेले होते. मी वरच्या पायरीवरच थांबले. बाबा, त्या दिवशी दारात वाटली होती त्याहून जास्त भीती मला काल वाटली.

काठीचा आवाज जवळ आला. आप्पाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत," मी म्हणाले.

"चल मग. तू भिंतीकडनं चाल."

आणि ते माझ्या उजव्या हाताला, त्या माणसांच्या बाजूला झाले. त्यांना एक-एक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरावी लागते. मी तेवढ्याच हळू उतरले. हारवाल्यांच्या अगदी समोरून गेलो. कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते मी ऐकलं नाही. आप्पाजींनी ऐकलं असावं, कारण त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या दंडाला धरलं.

तुमची,
करुणा